विडा ओढू नका

आबा,

मी तुमच्यावर रागावले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता रागावून काय उपयोग असं कुणीही म्हणेल, पण मागच्या महिन्यापासून तुम्ही माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. झालं असं, की यांच्या दाढा हलायला लागल्या, भाकरी चावता येईना, म्हणून आम्ही गंगाखेडहून परभणीला दातांच्या डॉक्टरकडं गेलो. तिथं बाकावर बसल्या बसल्या यांनी मला एक गोष्ट सांगितली. अगदी सहज, भाजीत मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं तशी.  ती गोष्ट मी शेवटी लिहिणार आहे. त्याच्या आधी मी किती घाबरलेली होते ते तुम्हाला सांगायचंय, कारण ते तुम्हाला कधी कळलंच नाही, असं मला आता वाटायला लागलंय.

तुमचं दुकान अजून डोळ्यांपुढं आहे. परभणीच्या स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्याला, बाहेर गिऱ्हाइकांसाठी बाक, आत एक लाकडी खुर्ची, आणि पडद्यामागं ज्याला तुम्ही मोठ्या तोऱ्यात कारखाना म्हणायचे तो. कारखाना म्हणजे एक स्टोव्ह, एक पातेलं, पायानं फिरवायचं चाक, पकडी, कानशी आणि सगळीकडं मेणाचा वास. निजामाचं राज्य गेलं तसं तुम्ही पाटीवरची उर्दू पुसून मराठी लिहून घेतली, पण गिऱ्हाइकाशी बोलताना अर्धी उर्दूच तोंडात. भिंतीच्या फळीवर लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीनं मांडलेले असायचे. मी लहानपणी त्यांच्याकडं पाठ करून बसायची. तुम्ही म्हणायचे, "भ्यायलीस काय? सगळी आपली गिऱ्हाइकंच हायेत, बोलत न्हाईत एवढंच." आणि मग तुम्हीच मला हैदराबादच्या तुमच्या उस्तादाची ती गोष्ट सांगायचे. एका माणसानं हट्ट करून एकाच दाताची, बोटाच्या पेराएवढी कवळी करून घेतली होती. जेवताना घासाबरोबर ती गिळली गेली, तारेचा आकडा घशाखाली अडकला, आणि तो माणूस काही वाचला नाही. उस्ताद पुढं कितीतरी दिवस कामाला बसले नाहीत म्हणे. कुणी लहान कवळी मागितली की तुम्ही ही गोष्ट सुरू करायचे. गिऱ्हाइक भ्यायचं ते भ्यायचं, पडद्यामागं मी त्याच्याहून जास्त भ्यायची.

आणि नेमकं माझंच तोंड फुटावं. गंगाखेडचं स्थळ पक्कं झालं होतं, सुपारी फुटली होती, मायनं चुड्याचा रंगसुद्धा ठरवला होता. आडावर पाणी शेंदताना दोर तुटला, माझा तोल गेला आणि मी काठाच्या दगडावर तोंडावर आपटले. आत पडले नाही हे नशीब, असं सगळे म्हणाले. मायनं मात्र माझं तोंड पदरानं पुसलं, आत बघितलं आणि तिथंच खाली बसली. वरचा समोरचा एक दात आणि त्याच्या शेजारचा, दोन्ही गेले होते. मला दुखत होतं त्याचं तिला काही नव्हतं. ती एकच घोकत होती, "आता माघारी धाडतील पोरीला. ठकवलं म्हणतील." मी सतरा-अठराची असेन. तुम्ही दुकानातून पळत आलात, माझी हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि बापासारखं न बघता कारागिरासारखं बघितलं. "मुळासकट गेलेत. बरं झालं, तुकडा राहिला असता तर तरास," असं म्हणालात. मला त्या वेळी तुमचा लय राग आला होता.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुमचं आणि मायचं जे भांडण झालं ते मी चुलीपाशी बसून ऐकलं. तोंडात कापसाचा बोळा, त्यामुळं मध्ये बोलायची सोय नव्हती. मायचं म्हणणं, कवळी एवढीशी करा, नुसते दोन दात, तार नको, काही नको, कुणाला कळता कामा नये. तुमचं म्हणणं, तार नसली तर ती टिकणार कशावर, आणि एवढीशी केली तर एक दिवस ती पोटात जाईल. "टाळूवरून पट्टी गेलीच पाहिजे. ह्या दाढेपासून त्या दाढेपर्यंत. मोठी असली तर गिळली जात न्हाई." माय म्हणाली, रात्री काढून ठेवली म्हणजे झालं की. तुम्ही म्हणालात, "नवऱ्याला कळू द्यायचं न्हाई म्हणतीस, मग ती रात्री काढणार कुठं?"  मायनं गळ्यातलं लिंग हातात धरलं आणि तुम्हालाही धरायला लावलं. आपल्या लिंगायतांच्या घरात त्याच्यावर शपथ म्हणजे विषय संपला. पोरीचे दात खोटे आहेत हे सोयऱ्यांकडं कधी बोलणार नाही, असं तुम्ही कबूल केलंत. चुलीवरचं वरण उतू गेलं, कुणी उठलं नाही.

मग जखम भरल्यावर माझं माप घेतलं. गरम पाण्यात मऊ केलेला तो लाखेसारखा गोळा तुम्ही माझ्या टाळूला दाबला आणि "नाकानं श्वास घे, नाकानं," म्हणत राहिलात. माझा जीव गुदमरत होता. त्यात प्लास्टर ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी माझाच जबडा तुमच्या हातात, पांढरा, समोर खिंड पडलेला. तुम्ही शाईच्या पेन्सिलीनं त्याच्यावर रेघ काढली, घोड्याच्या नालासारखी, मधली टाळू मोकळी सोडून. "मधे उघडं ठेवलं की चव कळते, बोलायला बी जड जात न्हाई." तारा पुढच्या दातांना लावल्या तर हसताना चमकतील, म्हणून त्या मागच्या दाढांना वळवल्या. खोक्यातले दात सगळे परदेशी, दुधासारखे पांढरे. माझ्या दातांना शोभेनात. तुम्ही एकेक दात माझ्या ओठाशी धरून बघायचे, मान हलवायचे, परत खोक्यात टाकायचे. शेवटी दोन निवडले, दगडावर घासून त्यांची चकाकी मारली आणि एकाचा कोपरा थोडा खरवडला, कारण माझ्या पलीकडच्या दाताचा तसा होता. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, की निभेल कदाचित.

कवळी तयार झाली, तोंडात बसली, माय समाधानानं बघत होती, आणि तिनंच सहज म्हटलं, "आता विडा तोडायला बी काळजी न्हाई." तुमचा हात तसाच थांबला. लग्नात नवरीनं पानाचा विडा दातांत धरायचा, नवऱ्यानं दुसऱ्या टोकाला दात लावून तोडायचा, भोवती दोन्हीकडच्या बाया हसायला टपलेल्या. सगळं मोजलं होतं तुम्ही, एवढं विसरला होतात. लगेच पान आणवलंत, विडा वळलात, मला समोरच्या दातांत धरायला लावलात आणि दुसरं टोक तारेच्या पकडीत धरून ओढलंत. विडा आला तो कवळीसकट. पकडीच्या टोकाला पान, पानाला लटकलेले माझे दोन दात आणि ती गुलाबी पट्टी. माय तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी रडले नाही, मला रडायलाच येईना. भर मांडवात, सासूसमोर, नणंदांसमोर हे असंच लटकेल, आणि बाकी काही नाही, हेच मला डोळ्यांपुढं दिसत होतं. आजही विडा दिसला की तेच दिसतं.

तुम्ही ती कवळी बाजूला ठेवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. "वढ पुढं बसती, मग धरायला पाहिजे लय मागून," असं स्वतःशीच बोलत होतात. शेवटच्या दाढेच्या मागून तार वळवली, दोन्ही बाजूंना आणखी एकेक आकडा वाढवला, पट्टी मागं लांबवली. मेणात दात बसवले, पितळी डबीत प्लास्टर भरून ते गाडलं, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत गुलाबी पावडरीची कणीक दाबली. मग डबी पाण्यात घालून स्टोव्हवर ठेवली. पाणी हळूहळू तापायला पाहिजे, घाई केली की आत बुडबुडे धरतात, हे मला माहीत होतं. तुम्ही स्टोव्हपाशी उकिडवे बसलात ते जेवायलासुद्धा उठला नाहीत. गार होईपर्यंत डबीला हात लावू दिला नाहीत. दुसऱ्या खेपेला पकडीनं ओढलं तेव्हा पान फाटलं, कवळी जागची हलली नाही. मला हसू फुटलं. तुम्ही मात्र हसला नाहीत. म्हणालात, "जीभ वर दाबून धरत जा. आन् विडा डाव्या अंगाला धर, तिकडचे दात तुझे हायेत."

उरलेले दिवस मी बोलायला शिकत होते. नवी कवळी, 'स' म्हटलं की शिट्टी वाजल्यासारखं व्हायचं, आणि यांच्या नावात दोन 'स'. उखाण्यात ते नाव घ्यायचंच होतं. मी जात्यावर बसून नुसतं नाव घोकायची, माय म्हणायची, लोक म्हणतील पोरगी लग्नाला उतावीळ झाली. त्यातच एक दिवस दुकानात गेले तर फळीवर मागं फडक्यात बांधून ठेवलेला माझ्या जबड्याचा साचा जागेवर नव्हता. तुम्हीही नव्हतात, पूर्णेला काही सामान आणायला गेलात असं माय म्हणाली.  कुणी नेला, कुणाला दाखवला, गंगाखेडपर्यंत गेला तर? दिवसभर मी पाणीसुद्धा धड प्यायले नाही. संध्याकाळी तुम्ही आलात, पायांना नदीची वाळू लागलेली, आणि विचारल्यावर नजर न मिळवता म्हणालात, "फुटला तो. टाकून दिला." मी विश्वास ठेवला. तुमच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

लग्न लागलं. लग्न लावणाऱ्या जंगमानं काय म्हटलं, कुणी काय आहेर केला, मला काही विचारू नका. मला एवढंच आठवतं, की एका जाड्या आत्याबाईनं बोटाएवढा विडा वळून आणला, त्यात सुपारी ठेचून घातलेली, आणि "घट धर गं, आमचा पोरगा वाघ हाय," म्हणाली. मी डाव्या बाजूनं धरला, जीभ वर दाबली, डोळे मिटले.  यांचा चेहरा जवळ आला तसं मला वाटलं, आता संपलं सगळं. आणि यांनी दात लावलेच नाहीत. हात वर करून विडा मधोमध बोटांनी मोडला, आपला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "भूक लागलीय, खेळ नंतर करा." बाया चिडल्या, हसल्या, पळपुटा म्हणाल्या. मी डोळे उघडले तेव्हा मांडवाच्या कडेला तुम्ही खांबाला धरून उभे होतात, आणि तुमचे डोळे भरलेले होते. मला वाटलं, पोरगी चालली म्हणून.

सासरी मला जाच कुणीच केला नाही, हे खरं सांगते. मीच मला केला. रात्री कवळी काढायची हिंमत होईना, आणि ठेवून झोपावं तर उस्तादाचा तो माणूस आठवायचा. मोठी कवळी गिळली जात नाही, असं तुम्ही सांगितलेलं मी मनात म्हणत राहायची, तरी झोपेत दचकून उठायची आणि जिभेनं चाचपायची, आहे का, आहे. सकाळी घरची सगळी आंघोळ करून तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायची, कुणाची नजर हलायची नाही. मी माझी पूजा पहाटेच उरकून घ्यायची, म्हणजे तेवढ्या वेळात मोरीपाशी कवळी धुऊन घेता यायची. तेवढाच काय तो माझा मोकळा वेळ. घरात उसाचे ढीग, जावा-नणंदा दातांनी सोलून खायच्या, मी म्हणायची मला ऊस बाधतो. मग हे विळतीवर बसून उसाचे लहान लहान करवे करायचे आणि माझ्यापुढं सरकवायचे. मी मनात म्हणायची, काय बाई हट्टी माणूस आहे. जेवणं झाली की "जनावरांकडं बघून येतो" म्हणून बराच वेळ बाहेर जायचे, आणि परत येताना उंबऱ्याच्या अलीकडं खोकून मग आत यायचे. इतका खोकला बरा नव्हे म्हणून मी अडुळशाचा काढा करून द्यायची. गपगुमान प्यायचे.

पहिल्या पंचमीला माहेरी आले तेव्हा तुम्ही मला खुर्चीत बसवलंत. टाळू लालभडक झाली होती. तुम्ही आयुष्यात मला एवढं कधी बोलला नव्हतात. "रात्रीची काढत न्हाईस तू. सांगून ठेवलं व्हतं ना? हाडापर्यंत जाईल हे." मी म्हटलं, "कुठं काढू? त्यांच्यासमोर?" तुम्ही तोंड उघडलंत. काहीतरी अगदी ओठांवर आलं होतं, मी बघितलं. पडद्याशी माय उभी होती, तिचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला. तुम्ही खाली बसलात आणि पेटलेल्याच स्टोव्हला पंप मारायला लागलात. मग एवढंच विचारलंत, "जावईबापू कसे हायेत?" मी म्हटलं, चांगले आहेत, खोकला तेवढा आहे. तुम्ही माझ्याकडं असे बघत राहिलात, की मला वाटलं खोकल्याचं काही वाईट असतं की काय. त्यानंतर थोड्याच वर्षांत तुम्ही गेलात, आणि पाठोपाठ माय. कवळी झिजली, मोडली, तशी मी परभणीला भावाकडं जायचं निमित्त काढून नवी करून घेत गेले. हे मला बसमध्ये बसवून द्यायचे. कशाला चाललीस, असं कधी विचारलं नाही. पोरं झाली, नातवंडं झाली, कुणाला पत्ता लागू दिला नाही.

आणि मागच्या महिन्यात तो बाक. डॉक्टर पोरगा यांना म्हणाला, "आजोबा, तुमची कवळी झाली की रात्री काढून पाण्यात ठेवत जा." हे बाहेर येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "मामांनी बी हेच सांगितलं होतं मला. तुझ्यासाठी." मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, कोणते मामा? "तुझे आबा. लग्नाच्या आधी आले होते गंगाखेडला. मला मळ्यातून बोलावून गोदावरीच्या घाटावर नेलं, फडकं सोडलं आन् तुझा जबडाच काढून दाखवला. तार कुठं हाय, पट्टी कुठून गेलीय, सगळं दाखवलं. म्हणाले, विडा ओढू नका, एवढं करा. माझा माझ्या तारेवर भरवसा न्हाई. अन् पसंत नसंल तर आत्ताच सांगा, पोरीला कळू देणार न्हाई, मी माझ्याकडून लग्न मोडलं म्हणीन." मी विचारलं, मग तो साचा? "गंगेत सोडला त्यांनी. माझ्यासमोर."

मी विचारलं, तुम्ही मला कधी बोलला का नाही. म्हणाले, "मामांनी शब्द घेतला होता. ती स्वतः सांगंल तवा ऐकून घ्या, तोवर तिला लाजवू नका. मी बाहेर जायचो की रोज. खोकायचो बी. तुला काढायला वेळ मिळावा म्हणून." मग थोडं हसून म्हणाले, "त्या काढ्यानं मात्र जीव घेतला माझा." मला हसू आलं नाही, आबा. इतक्या रात्री मी कुणाला भ्याले? ज्याला सगळं ठाऊक होतं, त्या माणसाच्या शेजारी मी तोंड मिटून, एका कुशीवर, दचकत झोपले. मायची शपथ मोडायला तुम्ही घाटापर्यंत गेलात, मग माझ्या खुर्चीपाशी का अडलात? मला तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तर? तुम्हाला वाटलं असेल, पोरगी आज ना उद्या बोलेल नवऱ्याशी. पडद्यामागं बसून तुमच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली पोरगी ती, कशी बोलणार होती? आणि रागाच्या मध्येच मला तुमच्या पायांची ती वाळू आठवते. भीतीपोटी परक्या पोरापुढं फडकं सोडून बसलेला बाप आठवतो, आणि मग तुमच्याशी नीट भांडतासुद्धा येत नाही.

हा कागद मी कुठं पाठवणार? घडी करून उशीखाली ठेवीन, सकाळी चुलीत घालीन. खरं तर यातलं निम्मं तुमच्याशी बोलायचं नव्हतंच, यांच्याशी होतं. तुम्ही उत्तर देणार नाही म्हणून तुम्हाला लिहिलं.

आत्ताच हे उठून बाहेर गेले. "फाटक लावून येतो" म्हणाले. फाटक दिवेलागणीलाच लावलंय, मी माझ्या हातानं कडी घातली होती. यांची स्वतःची कवळी गेल्या आठवड्यापासून त्या कोनाड्यात पेल्यात पडलेली असते, माझ्यासमोर काढतात, काही वाटत नाही त्यांना. शेजारी त्यांनी दुसरा पेलाही पाणी भरून ठेवलाय.  पत्र लिहीपर्यंत मी त्याच्याकडं बघतही नव्हते. आता बाहेरून खोकला ऐकू आला, आणि आबा, माझी कवळी अजून तोंडातच आहे.